रसिकांच्या ऋणातला गंधर्व

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात कलावंत अनेक झाले. परंतु ज्यांच्यावर एका संपूर्ण समाजाने पिढ्यान् पिढ्या जीव ओवाळून टाकला, असे नाव एकच, बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे पाळण्यातील नाव. २६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या या कलावंताने १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या जाण्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांना प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलेले प्रेक्षक आता विरळाच. तरीही पुण्या-मुंबईत, बडोदे-इंदूरला, नागपूर-बेळगावला जिथे जिथे मराठी घरे आहेत, तिथे नाट्यसंगीताचा विषय निघाला की बोलणे त्यांच्यापाशी येऊन थांबते.

बालगंधर्वांचे चरित्र हे त्यांचे एकट्याचे चरित्र नाही. ते त्यांच्या रसिकांचेही चरित्र आहे. या प्रेमाने एका गरीब घरातील मुलाला राजवैभव दिले आणि त्याच प्रेमाची परतफेड करताना तो कलावंत कर्जात बुडाला. त्या ऋणानुबंधाची ही कथा आहे.

गाणारा मुलगा

राजहंस कुटुंब मूळचे सांगलीजवळच्या नागठाण्याचे. घरची परिस्थिती बेताची, परंतु गाण्याची आवड घरात होती. नारायणाचा गळा लहानपणापासूनच गोड. जळगाव येथे मेहबूबखान यांच्याकडे त्याला गाण्याचे प्राथमिक शिक्षण मिळाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर गाण्याची संधी त्याला लाभली आणि त्या गाण्याने प्रसन्न होऊन लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हणून गौरविले, असे सांगितले जाते. हे नाव पुढे असे काही रूढ झाले की मूळ नाव केवळ कागदपत्रांपुरते उरले.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे नारायणाच्या आयुष्यातील दुसरे मोठे आश्रयदाते. या मुलाच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार व्हावेत, याची व्यवस्था महाराजांनी केली. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. मंडळीला एका गात्या नायिकेची निकड होती. लोकप्रिय गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले होते आणि त्यांच्यानंतर स्त्रीभूमिकांची जागा समर्थपणे भरून काढणारा नट मंडळीला सापडत नव्हता.

भल्या घरातील मुलाने नाटकात जावे की नाही, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता. नाटकवाल्यांचे गाणे लोकांना हवे असे, परंतु नाटकवाला जावई कोणाला नको असे. अखेर घरच्यांची संमती मिळाली आणि १९०५ साली मिरजेत नारायणरावांनी शकुंतलेच्या भूमिकेतून रंगभूमीवर पाऊल ठेवले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला होता. त्याच नाटकातून या परंपरेच्या सर्वांत लाडक्या कलावंताचा उदय व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

भामिनीची रात्र

किर्लोस्कर मंडळीतील पहिली काही वर्षे ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’ या जुन्या नाटकांत गेली. बालगंधर्वांची शकुंतला, सुभद्रा, शारदा आणि वसंतसेना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. परंतु खास त्यांच्यासाठी घडविल्यासारखी भूमिका त्यांना मिळाली ती ‘मानापमान’ या नाटकात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक, त्याला गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या नव्या ढंगाच्या चाली आणि नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, असा हा संयोग होता.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग व्हायचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या कन्येचा मृत्यू झाला. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीची तयारी होती. तिकिटे विकली गेली होती, प्रेक्षक दूरदूरहून येणार होते. बालगंधर्वांनी प्रयोग करण्याचा निर्णय घेतला. त्या रात्री तोंडाला रंग लावून ते उभे राहिले आणि श्रीमंत, मानी, हसरी भामिनी त्यांनी साकारली. प्रेक्षकांपैकी ज्यांना ही वार्ता ठाऊक नव्हती, त्यांना नटाच्या अंतःकरणातील दुःखाचा मागमूसही लागला नाही.

या प्रसंगाकडे आज दोन दृष्टींनी पाहता येते. कलानिष्ठेचा आदर्श म्हणून तो शंभर वर्षे सांगितला गेला आहे. परंतु त्याच वेळी एका बापाचे रडणेही प्रेक्षकांनंतर आले, ही त्यातील कठोर बाजू दृष्टीआड करता येत नाही. प्रेक्षक हे मायबाप आणि त्यांची सेवा हाच आपला धर्म, ही बालगंधर्वांची आयुष्यभराची धारणा होती. तिची पहिली जबर किंमत त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी मोजली.

गंधर्व नाटक मंडळी

१९११ साली किर्लोस्कर मंडळीचे एक आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाले आणि त्यानंतर व्यवस्थापनाशी मतभेद वाढत गेले. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा आश्रय तिला लाभला. पुढे टेंबे आणि बोडस हे दोघेही वेगळे झाले, परंतु मंडळी बालगंधर्वांच्या नावावर चालत राहिली.

पुढील दहा-बारा वर्षे हा संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ मानला जातो. १९१६ साली आलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखले यांचे संगीत होते. भास्करबुवा हे बालगंधर्वांचे गुरू. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा घराण्यांची विद्या पचविलेल्या या गवयाने यमन, भूप, बिहाग यांसारखे राग नाटकाच्या पदांत असे बसविले, की शास्त्रीय संगीताचा गंध नसलेला प्रेक्षकही ते गुणगुणत घरी जाऊ लागला. आज ज्या मराठी माणसाला रागाचे नाव सांगता येत नाही, पण सूर ओळखू येतो, त्याच्या कानावर हा संस्कार तिथून आलेला आहे.

१९१९ साली राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यात रंगभूमीवर आले. प्रयोग पाहण्यास नाटककार हयात नव्हते. महिन्याभरापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. दारूच्या व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या संसारातील सिंधू ही या नाटकाची नायिका. शालू, पैठण्या आणि दागिन्यांनी मढलेल्या रुक्मिणीवर लुब्ध झालेल्या प्रेक्षकांसमोर बालगंधर्व आता ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर दळण दळत बसले. प्रेक्षागारात हुंदके ऐकू येत. बालगंधर्वांना केवळ रूपाच्या बळावर मोठे मानणाऱ्यांना सिंधूने परस्पर उत्तर दिले.

रसिकांचे वेड

त्या काळातील नाटकाची रात्र कशी असे, याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला येणे कठीण आहे. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. आसपासच्या गावांहून माणसे बैलगाडीने, आगगाडीने येत. ऑर्गनचे सूर घुमू लागले की गलका थांबे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे कसलेले वादक असत. ज्या थिरकवांचे नाव पुढे साऱ्या हिंदुस्थानात तबल्याचे मानदंड म्हणून घेतले गेले, त्यांची साथ महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षकाला नाटकाच्या तिकिटात ऐकावयास मिळत होती.

पद संपले की वन्समोअरचा गजर होई. बालगंधर्व तेच पद पुन्हा गात, परंतु ते तसेच कधी नसे. एखाद्या शब्दावर नवी हरकत, एखादी वेगळी जागा, लयीशी एखादा नवा खेळ. म्हणूनच एकेका नाटकाचे पन्नास-पन्नास प्रयोग पाहूनही रसिकांचे समाधान होत नसे. कालच्या रात्री काय घडले, याची चर्चा दुसऱ्या दिवशी कचेरीत, वाड्यात, पाणवठ्यावर चाले.

हे वेड प्रेक्षागारापुरते मर्यादित राहिले नाही. बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेल्या लुगड्याची नेसण, केसांची ठेवण, वेणीत माळलेली फुले, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण मध्यमवर्गीय स्त्रिया करू लागल्या. त्यांची छायाचित्रे घरोघरी लागली. बाजारात अनेक वस्तूंना गंधर्वांचे नाव चिकटले आणि गंधर्व टोपी हा पुरुषांच्या पोशाखाचा भाग बनला.

यातील विरोधाभास मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या समाजात कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे अशक्य होते, त्या समाजातील स्त्रिया शालीनतेचा आणि सौंदर्याचा धडा एका पुरुषाकडून घेत होत्या. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांत पुरुषी नजरेला खूश करणारा उथळपणा नव्हता. घरंदाज स्त्रीचा संकोच, तिचा अभिमान आणि तिचा लाडिक राग त्यांनी इतक्या निगुतीने उभा केला की प्रेक्षागारातील स्त्रियांना त्यात स्वतःची सुधारलेली प्रतिमा दिसली.

याच लोकप्रियतेचा उपयोग राष्ट्रकार्यासाठीही झाला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे दोन अग्रणी एकाच रंगमंचावर आल्याने रसिकांची झुंबड उडाली. दुर्दैवाने अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले आणि ती जोडी कायमची हरपली.

वैभव आणि कर्ज

मंडळीची आवक मोठी होती. खर्च त्याहून मोठा होता. रसिकांना जे द्यायचे ते अस्सल आणि उंची असले पाहिजे, असा बालगंधर्वांचा आग्रह असे. रंगमंचावरील शालू खरे, गालिचे खरे, अत्तरे उंची. १९२० साली आलेल्या ‘द्रौपदी’ नाटकाच्या नेपथ्यावर आणि पोशाखांवर पाण्यासारखा पैसा खर्च झाला. मयसभेचे वैभव प्रेक्षकांचे डोळे दिपवून गेले, परंतु त्या वैभवाने तिजोरी रिकामी केली. त्यात मंडळीच्या मोठ्या कबिल्याचे जेवणखाण, पाहुण्यांची ये-जा, गवयांची बिदागी आणि गरजूंना सढळ हाताने केलेली मदत यांची भर पडे. हिशेब ठेवणे हा बालगंधर्वांचा पिंड नव्हता.

१९२१ च्या सुमारास कर्जाचा आकडा लाखाच्या वर गेला. तेव्हा मंडळी मोडून मोकळे होण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध होता. चाहत्यांनी निधी उभारून हे कर्ज फेडण्याची तयारी दाखविली होती, असेही सांगतात. बालगंधर्वांनी ती मदत नम्रपणे नाकारली. सारे देणे स्वतःच्या शिरावर घेऊन ते प्रयोगांमागून प्रयोग करीत राहिले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी ते देणे फेडत आणले. रसिकांकडून तिकिटाच्या पैशापलीकडे काही घेणे त्यांना मान्य नव्हते. रसिकांना मात्र तिकिटाच्या पैशाहून कितीतरी अधिक देण्यात त्यांना संकोच वाटला नाही. हा व्यवहार तोट्याचा होता, हे त्यांना कळत नव्हते असे मानणे कठीण आहे.

या प्रेमाची आणखी एक बाजू होती. रसिकांना गाणे हवे होते आणि बालगंधर्व ते देत होते. हळूहळू नाटक मागे पडले आणि त्याची मैफल झाली. वन्समोअरमुळे प्रसंगांचा ओघ तुटू लागला. चाळिशी ओलांडलेला नायक-नायिकेचा संसार रंगवू लागला की काळाचे भान असलेल्या समीक्षकांना ते खटके. निष्ठावंत रसिकांना मात्र त्याचे काही वाटत नसे. डोळे मिटले तरी त्यांची रुक्मिणी त्यांच्यासमोर उभी राही.

काळ बदलला

१९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा प्रारंभ केला. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाची जागा दोन-अडीच तासांचा आणि स्वस्त तिकिटाचा खेळ घेऊ लागला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर उतरल्या होत्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा नवा पायंडा ठळक केला. १९३१ साली मास्टर कृष्णराव यांच्या संगीताने नटलेल्या ‘कान्होपात्रा’तील अभंगांनी बालगंधर्वांना पुन्हा एकदा उदंड यश दिले, परंतु वारे फिरले होते.

मंडळीचा गाडा थांबल्यावर बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीशी करार केला. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात ते संत एकनाथांच्या भूमिकेत आले. ‘महात्मा’ हे मूळ नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले होते. अस्पृश्यतेविरुद्धचा हा चित्रपट महत्त्वाचा ठरला, परंतु बालगंधर्वांना चित्रपटाचे माध्यम मानवले नाही. तुकड्यातुकड्यांत चालणारे चित्रीकरण आणि समोर प्रेक्षक नाही, ही अवस्था त्यांना असह्य होती. ज्याचे गाणे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून फुलत होते, त्याने काचेच्या भिंगासमोर कोणासाठी गावे? ठरलेले पुढील चित्रपट सोडून ते रंगभूमीकडे परतले. ती परत पूर्वीसारखी भरभराटीला आली नाही.

गोहरबाई

या उत्तरायुष्यात त्यांच्यासोबत आल्या त्या गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडील या गायिकेने बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांची गायकी आत्मसात केली होती. भाषा वेगळी, धर्म वेगळा, प्रांत वेगळा. तबकडीतून आलेल्या सुराखेरीज दोघांत दुवा नव्हता. त्या मंडळीत आल्या, त्यांच्या नाटकांत नायिका झाल्या आणि पुढे १९५१ साली दोघांचा विवाह झाला. प्रथम पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली निवर्तल्या होत्या.

हे नाते अनेक जुन्या चाहत्यांना रुचले नाही. ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले, त्याच समाजातील काहींनी गोहरबाईंना दोष देण्यात धन्यता मानली. परंतु पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी बालगंधर्वांचे पाय पक्षाघाताने निकामी झाले, तेव्हा त्यांची शुश्रूषा गोहरबाईंनीच केली. थिएटरे ओस पडल्यावर आणि सावकार दारात आल्यावरही सुटला नाही, असा हा एक श्रोता होता. १९६४ साली त्यांचे निधन झाले आणि बालगंधर्व खऱ्या अर्थाने एकाकी पडले.

शासकीय सन्मान उशिरा का होईना आले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. पायांनी साथ सोडली तरी गाणे सुटले नव्हते. बसून, आधार घेऊन ते भजने गात आणि जुने रसिक ते ऐकण्यास जमत. आवाज थकला होता, परंतु सुराची जागा चुकत नव्हती.

मागे काय उरले

पुण्यात मुठेच्या काठी उभारावयाच्या नाट्यगृहाचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते झाले. हे काम मार्गी लागण्यात पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. मात्र २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते. स्वतःच्या मालकीचे नाट्यगृह आयुष्यात कधी न लाभलेल्या कलावंताचे नाव एका नाट्यगृहाला मिळाले. २०११ साली त्यांच्या जीवनावर ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. त्यातील सुबोध भावे यांची भूमिका आणि आनंद भाटे यांचे गायन यांमुळे ज्यांनी संगीत नाटक कधी पाहिले नव्हते, अशा तरुणांनाही या नावाची नव्याने ओळख झाली.

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. जे पद रंगमंचावर वन्समोअर घेत रात्र जागवीत असे, ते त्या तबकडीत घाईघाईने कोंबलेले आहे. तरीही शब्द स्पष्ट ठेवून सुरात विरघळविण्याची ती रीत, तबल्याशी चाललेला तो लडिवाळ खेळ आणि तानेच्या मोहातही न हरवणारा भाव आजच्या गायकांना त्यातूनच शिकावा लागतो. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत भैरवीपूर्वी श्रोत्यांतून एखाद्या नाट्यपदाची फर्माईश येते. ती मागणारा श्रोता बहुधा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला असतो.

रसिकांचे देणे फेडता फेडता बालगंधर्वांचे आयुष्य सरले. हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावावर तूटच दिसेल. परंतु शास्त्रोक्त रागसंगीत राजवाड्यांतून आणि दिवाणखान्यांतून काढून त्यांनी आठ आण्यांच्या तिकिटावर मागच्या बाकड्यापर्यंत पोहोचविले. त्या बाकड्यावर बसलेल्यांच्या नातवंडांना आजही सूर कळतो. हे देणे मात्र अद्याप रसिकांकडेच बाकी आहे.